गादी सोडण्याचे इंग्रजी शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतील बातम्या, इतिहासाची टिपणे आणि कोर्टकचेरीचे कागद मराठीत आणताना जे शब्द हमखास अडवतात, त्यांत राजाने गादी सोडण्याच्या शब्दांचे एक मोठे कुटुंब आहे. फोंडा, म्हापसा आणि डिचोलीकडचे विद्यार्थी व शिक्षक, पणजीतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रपाळी करणारे उपसंपादक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले यांच्याकडून जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले आहेत आणि जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘अ‍ॅब्डिकेट’ म्हणजे नेमके काय? सरळ ‘राजीनामा देणे’ असे लिहिले तर काय बिघडते?

गादीवर प्रत्यक्ष बसलेल्या राजाने किंवा राणीने, स्वतःच्या नावाने आणि जाहीरपणे, ती गादी सोडणे म्हणजे अ‍ॅब्डिकेट करणे होय. मराठीत त्यासाठी ‘राज्यत्याग करणे’ किंवा ‘गादी सोडणे’ हे दोन्ही प्रयोग चांगले आहेत. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘आपला संबंध सुटल्याचे जाहीर करणे’ असा आहे. रोममधील अधिकारी मुदत संपल्यावर पद सोडत, तेव्हा हेच क्रियापद वापरले जाई. त्यामुळे जाहीर उच्चार हा या शब्दाचा गाभा मानावा. जो राजा रात्री गुपचूप निघून गेला, त्याने अ‍ॅब्डिकेट केले की नाही यावर भांडण होऊ शकते, आणि ते खरोखरच झालेले आहे (प्रश्न ८ पाहा).

‘राजीनामा’ या शब्दात मात्र तो स्वीकारणारा कोणीतरी वर बसलेला असतो. मंत्र्याचा राजीनामा राज्यपालांकडे जातो, कारकुनाचा खातेप्रमुखाकडे जातो. राजाच्या वर कोणी नसते, म्हणून त्याचा राजीनामा कोणाकडे जाणार हा प्रश्न उरतो. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात जमीन सोडणारा खातेदार ‘राजीनामा’ लिहून देई आणि ती घेणारा ‘कबुलायत’ लिहून देई, हे लक्षात ठेवले तर राजीनाम्याला समोरची बाजू का लागते ते चटकन कळते.

२. या शब्दाचा उच्चार आणि वाक्यातील वापर कसा करावा?

उच्चार ‘अ‍ॅब्-डि-केट’ असा असून जोर पहिल्या अवयवावर येतो. ‘अब्डीकेट’ हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा उच्चार टाळावा. क्रियापद कर्मासह आणि कर्माविना असे दोन्ही प्रकारे चालते, म्हणजे ‘द किंग अ‍ॅब्डिकेटेड’ एवढेही पुरते आणि ‘द किंग अ‍ॅब्डिकेटेड द थ्रोन’ हेही शुद्ध आहे. ‘फ्रॉम द थ्रोन’ असे शब्दयोगी अव्यय जोडण्याची सवय मात्र मोडावी, कारण ती आपल्या ‘गादीवरून’ या रूपातून आलेली आहे. गादी कोणाला दिली हे सांगताना ‘इन फेवर ऑफ’ वापरावे. ‘टू हिज सन’ असे लिहिलेले कानाला खटकते.

३. ‘अ‍ॅब्डिकेट’ आणि ‘रिनाउन्स’ यांत फरक कसा ओळखायचा?

वर्गात मी हा फरक भीष्मावरून सांगतो. देवव्रत हस्तिनापूरचा युवराज होता, राजा नव्हता. सत्यवतीच्या पित्यासमोर त्याने राज्यावरचा आपला पुढचा हक्क सोडला आणि आपल्याला संततीच होऊ नये म्हणून ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली. जे हातात आलेलेच नव्हते, त्यावरचा हक्क त्याने सोडला, म्हणून इंग्रजीत भीष्माने ‘रिनाउन्स’ केले असेच म्हणावे लागते. उलट ययातीने शेवटी पुरूला राज्य दिले आणि तो वनात गेला, किंवा पांडवांनी परीक्षिताला गादीवर बसवून महाप्रस्थान केले, तेथे ‘अ‍ॅब्डिकेट’ बसतो, कारण ते सर्व राज्य करत होते.

म्हणजे अ‍ॅब्डिकेट हा शब्द बसलेल्या राजापुरता राखीव आहे आणि रिनाउन्स त्याहून मोठा आहे. हक्क, पदवी, धर्म, नागरिकत्व, वारसा यांपैकी काहीही रिनाउन्स करता येते, आणि गादीही करता येते. ब्रिटनच्या आठव्या एडवर्डने १० डिसेंबर १९३६ रोजी फोर्ट बेल्व्हेडिअर येथे ज्या कागदावर सही केली, त्याचे नाव ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ अ‍ॅब्डिकेशन’ असे आहे. पण आतील वाक्यात क्रियापद आहे ते ‘रिनाउन्स’. ‘माझ्यासाठी आणि माझ्या वंशजांसाठी’ गादी सोडत असल्याचे तेथे म्हटले आहे. वंशज तेव्हा जन्मलेलेच नव्हते आणि त्यांच्याकडे सोडण्यासारखे होते ते केवळ पुढचे हक्क, म्हणून हे क्रियापद तेथे अगदी चपखल बसते.

जाता जाता एक गंमत. गोव्यात ज्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली, त्या १८६७ च्या संहितेप्रमाणे जिवंत माणसाच्या वारशावरचा हक्क आधीच सोडून देता येत नाही. शंतनू त्या वेळी हयात होता, तेव्हा भीष्माची प्रतिज्ञा आपल्या नोटरीने नोंदवून घेतली नसती.

लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी : क्रियापदात ‘नाउन्स’ असले तरी नामात ते ‘नन्सिएशन’ होते आणि मधला ‘ओ’ गळतो. परीक्षेत येथे हमखास गुण जातात.

४. ‘रिलिंक्विश’ हा शब्द राजांच्या बाबतीतही वापरतात का?

वापरतात, आणि गोव्यातील वाचकाला हा शब्द शिकवण्याची गरज पडू नये. वडिलांच्या पश्चात घर व भाट (नारळीची बाग) भावाच्या नावावर करायचे ठरले की बहीण आणि तिचा नवरा नोटरीसमोर बसून ज्या कागदावर सह्या करतात, त्याला लोक ‘रिलिंक्विशमेंट डीड’ म्हणतात. २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्यातही विशेष नोटरीपुढे करायच्या या दस्ताची तरतूद आहे. म्हापशाच्या बाजारात नारळ विकणारी बाईसुद्धा ‘हांवें रिलिंक्विश केलां’ असे सहज सांगते. तिला त्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो.

हातात असलेली किंवा वाट्याला आलेली वस्तू, सत्ता अथवा वाटा सोडून देणे हा त्याचा अर्थ आहे. राजाच्या बाबतीत ‘रिलिंक्विश्ड द थ्रोन’ म्हटले तर वस्तुस्थिती कळते, पण समारंभ आणि जाहीरनामा यांची छटा त्यात नसते. मनाविरुद्ध सोडावे लागले असेही त्यातून कधीकधी सुचवले जाते. मराठीत ‘हक्क सोडणे’ किंवा ‘ताबा सोडणे’ हे संदर्भ पाहून निवडावे.

५. रामाने राज्य सोडले, म्हणजे त्याने अ‍ॅब्डिकेट केले का? आणि भरताला इंग्रजीत काय म्हणावे?

रामाचा राज्याभिषेक ठरला होता, झाला नव्हता, म्हणून अ‍ॅब्डिकेट येथे लागू होत नाही. पित्याचे वचन पाळण्यासाठी चौदा वर्षांपुरता हक्क बाजूला ठेवला एवढेच झाले, आणि परत आल्यावर गादी त्याचीच होती. त्यामुळे कायमचा त्याग सुचवणारा ‘रिनाउन्स’ देखील थोडा जड पडतो. ‘गेव्ह अप’ हा साधा शब्द येथे सर्वांत प्रामाणिक ठरेल.

नंदिग्रामात पादुका सिंहासनावर ठेवून कारभार पाहणारा भरत म्हणजे ‘रीजन्ट’. राजा अज्ञान, आजारी किंवा दूर असताना त्याच्या नावाने राज्य चालवणारा तो रीजन्ट. पोर्तुगालच्या इतिहासात याचे एक कडवट उदाहरण आहे : १६६७ मध्ये सहाव्या अफोन्सोच्या हातून सत्ता गेली आणि धाकटा भाऊ पेद्रो रीजन्ट झाला, पण १६८३ मध्ये मरेपर्यंत राजा ही पदवी अफोन्सोकडेच राहिली. त्याने अ‍ॅब्डिकेट केले असे लिहिणे चूक आहे. पेद्रो भरतासारखा होता असे लिहिणे त्याहून मोठी चूक ठरेल.

६. ‘डिपोज’, ‘डिथ्रोन’ आणि ‘ओव्हरथ्रो’ यांपैकी कोणता शब्द कधी निवडावा?

तिन्ही शब्दांत कर्ता बदलतो. राजा स्वतः काही करत नाही, त्याला कोणीतरी उतरवते. डिपोज म्हणजे अधिकाराने वा ठरावाने पदच्युत करणे, ओव्हरथ्रो म्हणजे बळाने उलथून टाकणे, आणि डिथ्रोन म्हणजे गादीवरून खाली खेचणे. शेवटचा शब्द हल्ली राजांपेक्षा खेळांच्या पानावर जास्त भेटतो. २०२४ मध्ये गुकेशने डिंग लिरेनला हरवून बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा तेथे ‘डिथ्रोन’ अगदी शोभणारा होता.

गोव्याशी थेट संबंध असलेले उदाहरण पोर्तुगालच्या दुसऱ्या मॅन्युएलचे आहे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये प्रजासत्ताक घोषित झाले, तरुण राजा एरिसेइराहून बोटीने निघून गेला आणि १९३२ मध्ये इंग्लंडात वारला; औपचारिक राज्यत्याग त्याने केला नाही. तरीही मॅन्युएलने १९१० मध्ये अ‍ॅब्डिकेट केले हे वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी दिसते. तेथे ‘डिपोज्ड’ किंवा ‘ओव्हरथ्रोन’ लिहावे. नेपाळचे ज्ञानेंद्र यांचेही तसेच : २८ मे २००८ रोजी संविधान सभेने राजेशाहीच संपवली, त्यामुळे ‘द मॉनर्की वॉज अ‍ॅबॉलिश्ड’ हे योग्य वाक्य आहे.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये आणि बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना ब्रिटिश सरकारने १८७५ मध्ये काढले. ही दोन्ही उदाहरणे डिपोजची आहेत. इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये बावला खून प्रकरणानंतर मुलासाठी गादी सोडली, तेथे दडपण उघड असले तरी शब्द अ‍ॅब्डिकेट हाच आहे, कारण कागदावर कृती त्यांची आहे.

७. ‘द ऑफिसर डिपोज्ड बिफोर द कोर्ट’ या वाक्यात कोणाला पदच्युत केले?

कोणालाच नाही. येथे डिपोज म्हणजे शपथेवर साक्ष देणे. भारतातील इंग्रजी बातम्यांत हा प्रयोग रोज आढळतो आणि त्याचे नाम ‘डिपॉझिशन’ म्हणजे जबानी.

हे उत्तर देताना मला थोडे ओशाळायला होते. उमेदवारीच्या काळात एका दैनिकात रात्रपाळीला असताना वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी मराठीत करताना मी ‘पोलीस निरीक्षक न्यायालयासमोर पदच्युत’ असा मथळा दिला होता. बिचाऱ्या निरीक्षकाने केवळ साक्ष दिली होती. सकाळी साडेसातला कचेरीतला फोन वाजला आणि पलीकडून त्यांच्या पत्नीने अत्यंत शांत आवाजात एवढेच विचारले की, त्यांनी आता डबा घेऊन जायचा की नाही. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. तेव्हापासून डिपोज दिसला की मी आधी कर्माकडे पाहतो. कोणाला डिपोज केले हे सांगितलेले असेल आणि ती व्यक्ती सत्तेवर असेल, तर पदच्युती समजावी. पुढे ‘बिफोर’ किंवा ‘दॅट’ येत असेल, तर साक्ष समजावी.

८. राजा पळून गेला, कागदावर सही केलीच नाही. अशा वेळी कोणता शब्द वापरतात?

या प्रश्नावर इंग्लंडच्या पार्लमेंटने १६८९ च्या आरंभी बराच काळ वाद घातला. दुसरा जेम्स डिसेंबर १६८८ मध्ये फ्रान्सला निघून गेला होता. त्याने राज्यत्यागाचा कोणताही कागद लिहिला नव्हता. हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला की त्याने ‘अ‍ॅब्डिकेटेड द गव्हर्नमेंट’ आणि त्यामुळे गादी ‘व्हेकंट’ झाली आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सला दोन्ही शब्द पटेनात. त्यांना ‘अ‍ॅब्डिकेटेड’च्या जागी ‘डिझर्टेड’ हवे होते.

हा शब्दच्छल वाटतो, पण त्यात सारे राजकारण होते. डिझर्टेड म्हणजे सोडून गेला. सोडून गेलेला माणूस परत येऊ शकतो. अ‍ॅब्डिकेटेड म्हणजे त्याने स्वतःच्या वागणुकीने संबंध तोडला, आता परतीचा रस्ता बंद. आणि गादी व्हेकंट म्हटली की ती रिकामी आहे हे मान्य होते, म्हणजे ती कोणाला द्यायची हे ठरवायला पार्लमेंट मोकळे होते. वंशपरंपरेने गादी एक क्षणही रिकामी राहत नाही असे मानणाऱ्यांना ते कसे रुचणार? शेवटी कॉमन्सचे शब्द टिकले आणि विल्यम व मेरी गादीवर आले.

त्याच वर्षी स्कॉटलंडने यापेक्षा रोखठोक मार्ग धरला. तेथील दस्तऐवजात जेम्सने मुकुटावरचा हक्क ‘फॉरफॉल्ट’ केला, म्हणजे आजच्या इंग्रजीत ‘फॉरफिट’ केला, असे लिहिले. गैरवर्तनामुळे हक्क गमावणे, जप्त होणे असा त्याचा अर्थ आहे. एकाच माणसाच्या एकाच पलायनाला एका राज्याने त्याग म्हटले आणि दुसऱ्याने दंड. या शब्दांचा अभ्यास का करावा असे कोणी विचारले, तर मी हेच उदाहरण देतो.

९. गादी अटी घालून सोडता येते का? ‘युसर्प’ हा शब्द तेथे कसा येतो?

पोर्तुगालच्या चौथ्या पेद्रोने तसे केले. १८२६ मध्ये सहावा जोआओ वारला, तेव्हा पेद्रो ब्राझीलचा सम्राट होता. त्याने त्याच वर्षी पोर्तुगालसाठी राज्यघटना दिली आणि थोरल्या मुलीसाठी, मारिया द ग्लोरियासाठी, पोर्तुगालची गादी सोडली. मात्र राज्यघटनेची शपथ घेतली जावी आणि मुलीचे लग्न आपला भाऊ मिगेल याच्याशी व्हावे अशा अटी घातल्या. १८२८ मध्ये मिगेलने गादी स्वतःच बळकावली, ते ‘युसर्प’. मुलीच्या पक्षाचे लोक त्याला युसर्परच म्हणत, त्याच्या पक्षाच्या दृष्टीने तो खरा राजा होता. म्हणून हा शब्द बातमीत वापरताना आपण कोणाच्या बाजूने बोलत आहोत हे ओळखावे. पेद्रोने ७ एप्रिल १८३१ रोजी ब्राझीलची गादीही मुलासाठी सोडली. दोन वेगळ्या गाद्या दोनदा सोडणारा असा माणूस विरळाच.

१०. सौंदेकर राजाने आणि सावंतवाडीकरांनी पोर्तुगिजांना मुलूख दिला. तेथे अ‍ॅब्डिकेट का म्हणत नाहीत? आणि १९४७ नंतरच्या संस्थानिकांचे काय?

मुलूख देणे आणि गादी सोडणे या दोन गोष्टी आहेत. मुलूख किंवा अधिकार तह करून दुसऱ्याला देणे याला ‘सीड’ म्हणतात. उच्चार बी या अर्थाच्या ‘सीड’सारखाच आहे, अक्षरे वेगळी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदरअलीच्या स्वारीनंतर सौंदेकर राजा गोव्याच्या आश्रयाला आला आणि फोंड्यासारखे त्याचे महाल पोर्तुगिजांकडे गेले. पेडणेही त्याच काळात सावंतवाडीकरांकडून गेले. ज्यांना आपण ‘नव्या काबिजादी’ म्हणतो, त्यांचा इतिहास असा सीड या क्रियापदाने भरलेला आहे. राजा मात्र राजा म्हणूनच बांदोड्यास राहिला.

संस्थानिकांच्या कागदांत तीन सारखे दिसणारे शब्द येतात. सामीलनाम्याला ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ अ‍ॅक्सेशन’ म्हणतात, तेथे ‘अ‍ॅक्सीड’ म्हणजे सामील होणे. पण ‘अ‍ॅक्सेशन टू द थ्रोन’ म्हणजे गादीवर येणे. पुढे विलीनीकरणाच्या करारांत संस्थानिकांनी राज्यकारभाराचे अधिकार ‘सीड’ केले. पदवी आणि तनखा राहिला, त्यामुळे कोल्हापूर किंवा सावंतवाडीच्या राजांनी अ‍ॅब्डिकेट केले असे लिहू नये. मान्यता व तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले, आणि त्या कृतीचा कर्ता संसद होती.

११. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी अ‍ॅब्डिकेट केले की रिझाइन?

गोव्यात हा प्रश्न २०१३ पासून येत आहे. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांनी लॅटिनमध्ये घोषणा केली आणि ती २८ फेब्रुवारीला अमलात आली. चर्चच्या कायद्यात यासाठी जे लॅटिन क्रियापद आहे, त्याचे अधिकृत इंग्रजी रूप ‘रिझाइन’ असे आहे, आणि विशेष म्हणजे हा त्याग कोणी स्वीकारण्याची गरज नसल्याचे तेथेच स्पष्ट केले आहे. वृत्तपत्रांनी अ‍ॅब्डिकेट लिहिले ते व्हॅटिकनच्या सार्वभौमत्वामुळे, आणि ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. तरी औपचारिक लेखनात रिझाइन हेच घ्यावे. मराठीत मी ‘पदत्याग’ सुचवतो, कारण राजीनाम्याला स्वीकारणारा लागतो (प्रश्न १ पाहा).

मठाच्या गादीसाठीही तोच नियम आहे. स्वामींनी शिष्याकडे कारभार सोपवला, तर राजांचा शब्द तेथे आणू नये. कारभार सोपवला, एवढेच इंग्रजीतही लिहावे.

१२. मुख्यमंत्री, अध्यक्ष, सरपंच यांच्यासाठी कोणता शब्द? आणि राजा कधी रिझाइन करतो का?

निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या व्यक्तीसाठी ‘रिझाइन’. बातमीच्या बोलक्या भाषेत ‘स्टेप डाउन’, म्हणजे पायउतार होणे. मुख्यमंत्र्याने अ‍ॅब्डिकेट केले असे लिहिले, तर ते टोमणा समजले जाईल.

अपवाद मलेशियाचा आहे. तेथील सम्राट नऊ वंशपरंपरागत राज्यकर्त्यांमधून पाच वर्षांसाठी निवडला जातो. ६ जानेवारी २०१९ रोजी पाचवे सुलतान मुहम्मद यांनी ते पद सोडले, पण ते केलांतानचे सुलतान राहिलेच. राज्यघटनेत या कृतीसाठी रिझाइन हा शब्द आहे आणि लेखी पत्र राज्यकर्त्यांच्या परिषदेला द्यावे लागते.

१३. १९३६ च्या इंग्रजी कायद्यात ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ असे शब्द आहेत. एडवर्ड तर जिवंत होता!

होता, आणि पुढे १९७२ पर्यंत जगला. डिमाइज म्हणजे मूळ अर्थाने हस्तांतर. जुन्या फ्रेंचमधील ‘सोडून देणे, दूर करणे’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला आहे. राजा वारला की मुकुट पुढच्याकडे जातो, म्हणून हळूहळू मरणालाच डिमाइज म्हणू लागले. कायद्यात मात्र जुनाच अर्थ जिवंत आहे, आणि राज्यत्यागाने मुकुट हस्तांतरित झाला एवढेच त्या वाक्याचे म्हणणे आहे. भाडेपट्ट्याच्या जुन्या दस्तांतही ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ असते, ती मृत जागा नव्हे.

१४. पोर्तुगीज पासपोर्ट घेणारे लोक नागरिकत्व ‘सरेंडर’ करतात की ‘रिनाउन्स’?

बोलण्यात दोन्ही एकच झाले आहेत, पण कागदावर नाहीत. भारतीय पासपोर्ट ही वस्तू आहे, ती ‘सरेंडर’ करतात, म्हणजे जमा करतात. नागरिकत्व हा दर्जा आहे. नागरिकत्व कायद्याच्या आठव्या कलमात घोषणा करून तो सोडण्याला ‘रिनन्सिएशन’ म्हटले आहे, तर नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की तो आपोआप संपतो, त्याला ‘टर्मिनेशन’ म्हणतात. एका ठिकाणी आपण सोडतो, दुसऱ्या ठिकाणी कायदा सोडवतो. हा तोच फरक आहे जो आठव्या प्रश्नात अ‍ॅब्डिकेट आणि फॉरफिट यांच्यात दिसला.

गादीच्या संदर्भात सरेंडर क्वचितच येतो. त्याची खरी जागा युद्धात आहे : १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी सही केली ती शरणागतीच्या कागदावर.

१५. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ मध्ये अ‍ॅब्डिकेट केले असे इंग्रजी लेखनात दिसते. ते बरोबर आहे का?

शब्दाच्या काटेकोर अर्थाने नाही. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान, गादी साताऱ्याची. बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरला आणि तो बिठूरला गेला. माल्कमच्या अटींत, स्वतःतर्फे व वारसांतर्फे पुण्याच्या राज्यावरचा सर्व हक्क सोडण्यासाठी ‘रिझाइन’ हे क्रियापद आहे, आणि ते सकर्मक आहे. त्या काळच्या इंग्रजीत हक्क ‘रिझाइन’ करत असत; आज त्या जागी रिलिंक्विश किंवा रिनाउन्स येईल. मराठीत ‘पेशवाई सोडली’ याहून अचूक काही सुचत नाही.

१६. राज्यत्यागाची तारीख कोणती धरावी : सहीची, घोषणेची की कायद्याची?

कायद्याची धरावी आणि इतर तारखा गरज असेल तेथे सांगाव्यात. एडवर्डने १० डिसेंबर १९३६ रोजी सही केली, पण ब्रिटनमध्ये ती ११ डिसेंबरला कायद्याने अमलात आली. दक्षिण आफ्रिकेने १० तारीख मानली आणि आयरिश फ्री स्टेटने वेगळा कायदा करून १२ तारीख, त्यामुळे मधल्या काळात एकाच माणसाचे राजेपण कोठे संपलेले आणि कोठे शिल्लक होते.

जर्मनीच्या दुसऱ्या विल्हेल्मची गोष्ट याहून विचित्र आहे. त्याच्या राज्यत्यागाची बातमी चान्सलरने ९ नोव्हेंबर १९१८ रोजी परस्पर जाहीर करून टाकली; विल्हेल्मने सही केली ती २८ नोव्हेंबरला, नेदरलँड्समध्ये. नऊ तारीख लिहायची असेल तर ‘अ‍ॅब्डिकेशन वॉज अनाउन्स्ड’ असे लिहावे.

१७. अज्ञान राजाच्या वतीने, किंवा दुसऱ्या कोणाच्या वतीने, अ‍ॅब्डिकेट करता येते का?

चीनचा पूयी १२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांचा होता आणि राज्यत्यागाचे फर्मान राजमाता लोंगयू यांनी काढले. इंग्रजीत तरीही ‘पूयी अ‍ॅब्डिकेटेड’ असेच लिहितात. रशियाच्या दुसऱ्या निकोलसने मार्च १९१७ मध्ये आधी मुलासाठी गादी सोडायचे ठरवले, नंतर आजारी मुलाच्या वतीनेही त्याग करून भाऊ मिखाइलचे नाव घातले. बापाला मुलाचा हक्क सोडता येतो का, हा वाद तेथे उरलाच. मिखाइलने दुसऱ्याच दिवशी, संविधान सभेने सांगितल्याशिवाय आपण सत्ता घेणार नाही, असे लिहून दिले. त्याच्यासाठी ‘डिक्लाइन्ड’ हा शब्द वापरावा. जो बसलाच नाही, तो उठणार कोठून?

१८. ‘अ‍ॅब्डिकेटेड इट्स रिस्पॉन्सिबिलिटी’ असे न्यायालये पालिकांना म्हणतात. तेथे भाषांतर काय करावे?

‘जबाबदारी झटकली’. राज्यत्यागाचा तेथे संबंध नाही. मात्र या लाक्षणिक अर्थात दोष देण्याची छटा नेहमी असते, तर राजाच्या बाबतीत ती असेलच असे नाही. नेदरलँड्समध्ये विल्हेल्मिना १९४८ मध्ये, युलियाना १९८० मध्ये आणि बेआट्रिक्स २०१३ मध्ये अशा तीन राण्यांनी एकापाठोपाठ गादी सोडली आणि ती तेथे रीतच मानली जाते.

१९. कार्निव्हालच्या शेवटी किंग मोमो अ‍ॅब्डिकेट करतो असे लिहावे का?

गमतीच्या लेखात खुशाल लिहावे. काटेकोर उत्तर हवे असेल तर नाही, कारण त्याचे राज्य चार दिवसांच्या मुदतीचे असते. शनिवारी पणजीत ‘खा, प्या, मजा करा’ असे फर्मान सोडून तो गादीवर येतो आणि मंगळवार सरला की ती मुदत संपते. मुदत संपल्याने अधिकार जाणे याला ‘लॅप्स’ म्हणतात. बुधवारी सकाळी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेताना त्याच्याकडून कोणी कागद मागत नाही.